लेबल गळालेल्या बाटल्या

काल तुमचं तेरावं झालं. पडवीत पंगत बसली होती आणि मी चुलीपाशी, दाराआड. पहिल्या भातापासून ताकापर्यंत लोक तुमच्या नाकाबद्दलच बोलत होते. वरच्या आळीचे आबा म्हणाले, "आसलं नाक मावळात पुन्यांदा व्हायचं न्हाई." आणखी कुणीतरी म्हणालं, "बाटली न फोडता सांगायचा, आत काय हाय ते." हे तर धडधडीत खोटं. वाढायला जावा होत्या म्हणून बरं झालं. माझ्या हातात आमटीची पळी असती, तर ती आबांच्या पानात वाढली असती की डोक्यावर ओतली असती, सांगता येत नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं सासूबाई काल सकाळपासून मला चारदा म्हणाल्या. मी तोंडही उघडलं नव्हतं, तरी म्हणाल्या. माझ्या पोटात काय आहे ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. म्हणून काल सकाळी गप्प राहिले आणि आज लिहायला बसले. तळेगावच्या शाळेत चार यत्ता शिकले होते, त्या अशा कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

लढाई सुरू झाली आणि विलायतेहून बाटल्या यायच्या थांबल्या, तिथून तुमचं नाव मोठं झालं. तुम्ही लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात बटलर होतात, तिथल्या मालकीणबाईंचं म्हणणं एकच असायचं, खर्च वाढता कामा नये, पण टेबलावर येईल ती वाईन चांगलीच हवी. लोणावळ्याला हवा खायला येणारे साहेब आणि मुंबईचे शेठ, त्यांना पाणचट चालत नसे. पुण्याच्या कँपातले व्यापारी तर सोन्याचा भाव सांगत. मग तुम्ही बंगल्यांच्या लिलावांना जायला लागलात. कुणी साहेब लढाईवर निघाला, कुणी कायमचा परतला, की त्याच्या खुर्च्या-पलंगांबरोबर तळघरातल्या बाटल्याही विकायला निघत. आपल्याकडची हवा अशी दमट, की चार पावसाळ्यांत लेबलं गळून पडायची, उरलेली कसर खायची. बिनलेबलाच्या बाटलीला कुणी बोली लावत नसे. आत अमृत आहे की सिरका, कोण सांगणार? तुम्ही नेमक्या त्याच घ्यायचात, मातीमोलानं, आणि टेबलावर अमृत निघायचं. साहेब लोक तुम्हाला बोलावून हात मिळवायचे. त्यांनी हात मिळवायला आपल्या मागच्या दारी यायला हवं होतं, धुण्याच्या दगडापाशी.

सुरुवात झाली ती चुकून. तुमचा कोट धुवायला घेतला आणि मी विचारलं, "ओल्या पोत्यात हात घातला होता का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई गं." मी म्हटलं, "मग खिशाला भिजल्या गोणपाटाचा वास का येतोय?" खिशात एक बूच निघालं. तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. त्याच दुपारी एका साहेबानं एक बाटली परत पाठवली होती आणि का पाठवली ते हॉटेलात कुणालाच उमगलं नव्हतं. हे बूच त्याच बाटलीचं.

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. वडिलांचं तळेगावात तांदळाचं दुकान. माल आला की ते पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर तांदूळ काढायचे आणि माझ्या नाकाखाली धरायचे. ओल लागलेलं पोतं वरून कितीही वाळवून आणा, मला कळायचं. आंबेमोहोरात दुसरा तांदूळ मिसळलेला कळायचा. वडील गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "माझ्या दुकानाचं नाक म्हणजे ही पोरगी." हे मी तुम्हाला लग्न झाल्यावर सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात.

मग आपली पद्धतच पडून गेली. लिलावाच्या आधी प्रत्येक ढिगातली एक बाटली फोडून बघायची मुभा असे. तुम्ही बूच काढायचात, घोट तोंडात घोळवून थुंकायचात, भुवया वर करायचात. भुवया लोकांसाठी. मग बूच खिशात टाकून, एका चिंधीला त्या वाईनचा डाग लावून, "मालकीणबायनला इचारून येतो" असं सांगून सायकल मारत थेट कुसगावात, आपल्या घरी. मालकीणबाईंचा बंगला उलट्या दिशेला आहे, हे कुणाच्या कसं लक्षात आलं नाही कोण जाणे.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांचा नियम पहिल्या दिवशीच ठरला, "दारूचा थेंब उंबऱ्याच्या आत आला तर म्या भाईर." बूच म्हणजे थेंब नव्हे, असं तुम्ही त्यांना पटवलंत. चिंधीवरचा डाग थेंबात धरायचा की नाही, यावर मायलेकांचं अख्खी सकाळ भांडण झालं. शेवटी तडजोड निघाली. वास मागच्या दारी घ्यायचा आणि मग मी हात, तोंड आणि नाकसुद्धा धुवायचं. सासूबाई स्वतः तांब्या घेऊन उभ्या राहायच्या. "वास बी पोटात जातोय गं," म्हणायच्या. आणि एकादशीला वास घ्यायचाच नाही. एकदा लिलाव नेमका एकादशीला आला. तुम्ही म्हणालात, आपल्याला काय कमी कळतं, आणि एक पेटी घेऊन आलात. ती पेटी हॉटेलचे आचारी धोंडूभावजी यांनी चार महिने मटणात सिरका म्हणून घातली.

खरं सांगू, त्या दगडावरचे दिवस मला अजून हवेसे वाटतात. तुम्ही उकिडवे बसायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात. लग्नानंतर इतकं माझ्या तोंडाकडे तुम्ही दुसऱ्या कशासाठी बघितलं नाहीत. माझ्याकडे साहेबांचे शब्द नव्हते. मी म्हणायचे, करवंदं. म्हणायचे, उन्हात घातलेली चिंच. म्हणायचे, वाण्याच्या दुकानातली लवंगेची बरणी, झाकण नुकतंच काढलेलं. तुम्ही "हां, हां," म्हणत ते पाठ करायचात. मग आपण दोघं मिळून शोधून काढलं, की लांब बूच असेल तर बाटली मुळात चांगल्या घरची, बूच नुसतं खालच्या टोकाला रंगलं असेल तर ती नीट आडवी ठेवलेली, आणि कोरडं ठणठणीत असेल तर ती उभी राहून राहून आंबलेली. ते तुम्ही डोळ्यांनी करायला शिकलात. मला कौतुक वाटायचं. घरी परत आलात की टेबलावर कोण काय म्हणालं ते तुम्ही नकला करून दाखवायचात आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

एकदा मात्र आपलं जुंपलं होतं. पिवळट रंगाची एक बाटली होती. मी म्हटलं, शिळी आहे, कापून ठेवलेल्या पेरूसारखा वास येतोय, अक्रोडाची खवट चव असेल. तुम्ही म्हणालात, ही शेरी, ही अशीच असते. ती घेतलीत आणि एका कर्नलनं म्हणे तीन पेले मागितले. मग आठ दिवस तुम्ही येता-जाता "पेरू, पेरू" करत होतात. मी म्हटलं, बिघडलेलं ते बिघडलेलं, साहेब प्याला म्हणून ताजं होत नाही. हा वाद राहिलाच. तुमचंच बरोबर असेल. पण मला अजून ती शिळीच वाटते.

आता वाईट लिहिते.

कँपातले ते जाडे व्यापारी आपल्या घरी आले होते, आठवतंय? दुपारची वेळ. तुमचं नाव ऐकून मुद्दाम वाट वाकडी करून आले. तुम्ही पडवीत घोंगडं घातलंत. मी चहा घेऊन उंबऱ्यात उभी. त्यांनी विचारलं, "बटलर, हे नाक कमावलंत कुठून? घराण्यात आहे का?" मी कपबशी खाली ठेवायची थांबले. मला वाटलं, आता सांगतील. नाव नका घेऊ, नुसतं "घरच्यांची मदत होते" एवढं म्हणतील. तेवढ्यानं माझं पोट भरलं असतं. तुम्ही मान मागे टाकून हसलात आणि म्हणालात, "घराण्यात कुटलं, शेठ. आमच्या घरात नासल्यालं दूध बी कुणाला कळत न्हाई." शेठ हसले. मी चहा दिला. कप हलला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

नंतर मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "येडी का तू? बटलरची बायको दारू हुंगती, आसं गावात झालं तर तोंड कुणाचं काळं व्हईल?" बरोबर आहे. तोंड माझं काळं झालं असतं. पण तुमचं सोन्यासारखं पिवळंधमक झालं त्याचं काय? आणि दूध कशाला काढलंत मधे? गप्प राहता आलं नसतं?

मी भांडले नाही. वाट बघितली. बाईमाणसाला वाट बघणं चांगलं येतं, तेवढं एक तुम्ही लोक आम्हाला शिकवता.

खंडाळ्याच्या बंगल्यातला तो लिलाव. मुंबईच्या एका शेठच्या मुलीच्या साखरपुड्याचं जेवण हॉटेलच्या बागेत भर दुपारी ठरलं होतं आणि मालकीणबाईंना दोन डझन लाल वाईन हवी होती, स्वस्तात मिळणारी पण भारी. तुम्ही बूच घेऊन आलात. चांगलं लांब, खालीच रंगलेलं, वर शिक्का. डोळ्यांना सगळं झकास. नाकाशी नेलं आणि मला श्रावणातलं वडिलांचं दुकान आठवलं. ओलं गोणपाट. शंकाच नाही. त्या तळघरात पाणी शिरलं असणार आणि बुचंच्या बुचं गेली असणार.

तुम्ही उकिडवे बसला होतात. माझ्या तोंडाकडे बघत होतात.

"पिकलेलं जांभूळ," मी म्हणाले.

"लय चांगलं?"

"याहून चांगलं यंदा आलेलं नाही."

सासूबाईंनी पाणी घातलं. मी नाक धुतलं. तुम्ही सायकलवर टांग टाकलीत आणि जाताना शीळ घालत होतात. मी त्या दुपारी मिरच्या कुटल्या. मन लावून कुटल्या.

पुढं काय झालं ते मला बाजारातून कळलं, तुमच्याकडून नाही. पाहुण्यांनी पहिल्या घोटाला तोंडं वाकडी केली, शेठनं पेला गवतात ओतला, मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर तुमच्याकडून कोठीची किल्ली मागून घेतली. तुम्ही घरी आलात तेव्हा कमरेला किल्ली नव्हती. पाय धुतलेत, पाटावर बसलात, म्हणालात, "भाकर वाढ." मी वाढली. माझं उत्तर जिभेवर तयार होतं. 'आपल्या घरात नासलेलं दूध कुणाला कळत नाही ना? मग बूच कसं कळावं?' जात्यावर बसून मी ते शंभरदा म्हणून पाहिलं होतं. फक्त तुम्ही विचारायचं बाकी होतं.

तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दोन वर्षांत नाही. हॉटेलात तुम्हाला काटे-चमचे घासायला बसवलं. जिथे साहेब उठून हात मिळवायचे तिथे तुम्ही भिंतीकडे तोंड करून चांदी घासत होतात, आणि घरी येऊन पावसाबद्दल, भाताच्या रोपांबद्दल बोलायचात. बूच पुन्हा कधी आणलं नाहीत. मला सुरुवातीला गंमत वाटली, मग चीड आली, मग तर तुमचा इतका राग आला, की तुम्ही झोपलात तरी मी तुमच्याकडे बघत बसायचे. सूड घेतला मी आणि त्याची गोडी तुम्ही चाखू दिली नाहीत. समोरचा ओरडलाच नाही तर मारणाऱ्याचा हात नुसता दुखतो. असं कुणी करतं का?

छातीच्या दुखण्यानं तुम्ही अंथरूण धरलंत, आणि शेवटच्या आठवड्यात तुमच्या अंगाला एक वास यायला लागला. डॉक्टर अजून "छाती मोकळी होतेय" म्हणत होते. मला कळलं होतं. मी पांघरूण नीट करायला वाकले, तर तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "कसला वास येतोय गं?" दोन वर्षांनी तुम्ही मला वासाबद्दल विचारलंत, आणि ते हे. मी म्हटलं, "निलगिरीचा. छातीला चोळलंय ना." तुम्ही "हां" म्हणालात. मी मागच्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. एवढं तुमच्यासाठी रडले आहे, हे लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल बाई नुसती विखारी.

काल पंगत उठली. माणसं पडवीत सुपारी कातरत बसली होती. धोंडूभावजी पुढून आले नाहीत, मागच्या दारी आले आणि धुण्याच्या दगडापाशी टेकले. हॉटेलात तीस वर्षं स्वयंपाक केलेला माणूस, पण बोलायचं म्हटलं की हात कुठे ठेवावे त्यांना कळत नाही. शेवटी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, आमी किचनमदली मानसं तुमाला लय मानतो. भाऊंनी आमाला पयल्यापासनं सांगितलंया. म्हनायचे, नाक माझं न्हाई, घरचं हाय. पर देवाची शपथ घालून ठेवलेली, भाईर बोलायचं न्हाई."

मी तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"त्या साखरपुड्याच्या टायमाला म्या सोता चाखलीती," ते म्हणाले. "भाऊंनी बी चाखलीती. म्या म्हनलं, भाऊ, ही घान हाय, टेबलावर न्हेऊ नगा. तर म्हनले, माझ्या जिभंचं काय घिऊन बसलास, ती मिरचीनं मेलीया. ही घरनं पास झालीया. न्हे."

"मग?" मी विचारलं.

"मंग ती किल्ली गेली. आमी इचारलं, भाऊ, आसं कसं झालं? तर म्हनले, तिला पडसं झालतं रं. पडशात कुनाचं नाक चालतंय? माझीच चूक, पडसं हाय बघून बी म्या बूच न्हेलं. वहिनी, तवापास्नं आमच्यात कुनी तुमाला बोल न्हाई लावला. म्हनून आलो. म्हनलं, आज सांगावं."

पडसं. मला त्या वर्षभरात पडसं झालं नव्हतं. आपण एका खोलीत झोपत होतो. तुम्हाला नक्की ठाऊक होतं. म्हणजे ती बाटली तुम्ही माझ्या शब्दावर नेलीत, आणि माझा शब्द खोटा होता हे कळल्यावर तो झाकून टाकलात, भिंतीकडे तोंड करून चमचे घासत बसलात. आणि वर या सगळ्यातलं एक अक्षर मला सांगितलं नाहीत. आचाऱ्याला सांगितलंत. भांडी घासणाऱ्यांना सांगितलंत. ज्या एका वाक्यासाठी मी कपबशी हातात धरून उंबऱ्यात उभी होते, ते वाक्य तुम्ही हॉटेलच्या स्वयंपाकघरात रोज वाटत होतात. मला तुमचे पाय धरावेसे वाटले आणि तेच पाय धरून तुम्हाला चितेवरून ओढून काढावंसं वाटलं.

गप्प राहिले असते तर सगळं चांगलं होतं. पडसं झालं होतं, झालं. माझं नाक शाबूत, माझं तोंड उजळ. तुम्ही मोठ्या खटपटीनं करून ठेवलेली सोय. पण मग किचनमधल्या लोकांच्या लेखी तुम्ही पडशातल्या बायकोच्या नादी लागून किल्ली घालवलेला खुळा माणूस राहणार, आणि मी तुमच्या दयेवर जगणार. ते मला जमणार नाही. तुमचं देणं मी असं घेणार नाही.

"पडसं नव्हतं, भावजी," मी म्हणाले. "नाक ठणठणीत होतं. बुचाला ओल्या गोणपाटाचा वास येत होता आणि मला तो कळला होता. मी मुद्दाम खोटं सांगितलं."

पडवीतले अडकित्ते थांबले. सासूबाई मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "हळू बोल गं," म्हणाल्या, "भाईर लोकं बसल्याती."

"म्हणूनच मोठ्यानं बोलतेय," मी म्हटलं, आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलं, पहिल्या बुचापासून, आबांना ऐकू जाईल अशा आवाजात.

आता गावभर झालं आहे. बटलरची बायको दारू हुंगायची आणि नवऱ्याला फसवायची, हे एव्हाना लोणावळ्याच्या बाजारातही पोचलं असेल. सासूबाई सकाळपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. आज भाकरी मी एकटीनंच खाल्ली. मला तुमचा राग अजून आहे, कालच्यापेक्षा थोडा जास्तच. दोन वर्षं मी रोज तुमच्या पानाशी बसत होते. तुम्ही एकदा विचारलं असतंत, तर हे सगळं मी आधी तुम्हालाच सांगितलं असतं.